डब्यात ठेवलेली हिरवी अळी

४ एप्रिल

काका,

मी तुमची पुतणी. सारखे प्रश्न विचारते म्हणून तुम्ही जिला 'चौकशी' म्हणायचात, ती. आता चौतीस वर्षांची आहे आणि कवळ्या बनवण्याच्या कामावर आहे. दंतवैद्य साचे पाठवतात, मी दात बसवते. प्रश्न अजून सुटलेले नाहीत.

आई गेली तेव्हा तुम्ही दाराशी आलात आणि परत फिरलात. जाताना शेजारच्या मावशींकडे पत्त्याची चिठ्ठी ठेवलीत. ती त्यांनी मला दिली. तुम्ही आत का आला नाहीत ते मला कोणी सांगितलं नाही. आज ते विचारायला लिहीत नाहीये.

विचारायचंय ते अळ्यांचं. मागच्या अंगणात भिंतीलगत कण्हेर आहे. तिच्या शेंड्याच्या पानांवर पाच अळ्या सापडल्या. पिवळसर, बारीक, आणि शेपटीवर केसासारखं काळं लांब शिंग. शिंग शेपटीवर का असावं? माझ्याकडे दात मोजायचा कॅलिपर आहे, त्यानं मोजल्या. सर्वांत मोठी बारा मिलिमीटर. कण्हेर विषारी असते म्हणतात, मग या ती खाऊन जगतात कशा?

तुम्ही संग्रहालयात किड्यांची चित्रं काढता एवढं मला माहीत आहे. बाबांना हे पत्र माहीत नाही. बाबा अजून भिंती रंगवतात, पण फक्त पांढऱ्या. दुसरा रंग सांगितला की 'आमच्याकडे नसतो' म्हणतात. आमची अर्धी गल्ली नव्या कवळीसारखी दिसते असं मी म्हणते. ते हसत नाहीत.

तुमची
चौकशी


८ एप्रिल

चौकशीबाई,

तुझं अक्षर तुझ्या आजीवर गेलंय. पाकीट बघून क्षणभर दचकलो.

तुझ्या अळ्या कण्हेरीच्या पतंगाच्या. आम्ही या कुळाला ससाणा-पतंग म्हणतो, उडण्याचा वेग तसा असतो म्हणून. शिंग कशासाठी, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. ते टोचत नाही. विष त्यांना का बाधत नाही तेही मला माहीत नाही. मी चित्रकार आहे. समोर ठेवतील ते काढतो, आणि समोर ठेवतात ते बहुतेक मेलेलं असतं.

पाळायच्या असतील तर मोठ्या तोंडाची बरणी घे. वर जुनं मलमल बांध. देठ ओल्या कापसात गुंडाळ, बरणीत पाणी ठेवू नकोस, बुडून मरतात. लेंड्या रोज झाडायच्या. कण्हेरीचा चीक हाताला लागला की हात धुवायचे.

मोठी झाली की ही अळी तपकिरी होते, अंगावर गडद डाग. सोबत माझं चित्र पाठवतो. आमच्या पुस्तिकेतलं चौदावं. तीनशे प्रती छापल्या होत्या. आता नवी आवृत्ती निघते आहे, मजकूर आणि चित्रं बारा मेला छापखान्यात जातील. मी यंदा निवृत्त होतोय, तेव्हा माझ्या हातची ही शेवटची. म्हणून सांगतो, रोजची मापं लिहून पाठव. लहान वयातली ही अळी मी जिवंत कधी पाहिलेली नाही.

तुझे वडील बरे आहेत ना? हे विचारलंय असं त्यांना सांगू नकोस.

काका


१५ एप्रिल

काका,

मापं मागच्या कागदावर आहेत. एक अळी मुंग्यांनी नेली. एक कात टाकत असताना मी हलवली म्हणून मेली असावी. दोन दिवस अळी हलत नाही, तेव्हा तिला हात लावायचा नसतो, हे मी तिला मारून शिकले. उरल्या तीन. मोठी आज बेचाळीस.

ती हिरवी आहे.

पिवळट वगैरे नाही, चांगली हिरवी. कडेनं पांढरी रेघ, रेघेच्या आजूबाजूला पांढरे ठिपके. डोक्यामागे दोन मोठे निळे डोळे, खोटे. बरणी हलवली की डोकं आत ओढून घेते आणि ते डोळे फुगवून माझ्याकडे बघते. आमच्या सुपरवायझर बाई अशाच बघतात. शिंग आता आखूड आणि केशरी झालंय. तुमच्या चित्रात डोळे काळे आहेत आणि अंग सगळं तपकिरी. आकार, रेघ, ठिपके मात्र तंतोतंत. ठिपके मी मोजून बघितले.

मग रंग कसा चुकला?

आणि चित्राची खालची कड कापलेली आहे, तीही वाकडी. तुमच्यासारखा माणूस इतकं वाकडं कापेल असं वाटत नाही. तिथे काय होतं?

चौकशी


१९ एप्रिल

चौकशीबाई,

खाली छपाईची माहिती होती, तुझ्या कामाची नव्हती.

रंग चुकलेला नाही. मी ही अळी एकदाच जिवंत पाहिली. डबा माझ्यासमोर उघडला गेला, अळी तपकिरी होती, मी त्याच दिवशी दुपारभर बसून रंगवली. डोळ्यांनी पाहिलं ते काढलं. तुझी एखादी निराळी जात असेल. बावीस वर्षांत त्या चित्रावर एकही आक्षेप आलेला नाही.

तरी 'चांगली हिरवी' हा काही रंग नाही. चिंचेचं पान हिरवं, बाटली हिरवी, शेवाळ हिरवं. दातांच्या छटा जुळवण्यासाठी तुमच्याकडे नमुन्यांची पट्टी असते ना? तशी एक पट्टी रंगवून पाठव. बघतो.

काका


२५ एप्रिल

काका,

पट्टी सोबत आहे. ती मी रंगवलेली नाही. आधी ती नीट बघा, मग पुढे वाचा.

आमच्या नमुन्यांच्या पट्टीत सोळा छटा असतात, सगळ्या पांढऱ्याच्या. मी शाळकरी रंगपेटी आणली आणि स्वयंपाकघरात बरणीसमोर बसले. चार वेळा जमलं नाही. बाबा पाणी प्यायला आले.

"काय पाळलंयस?"

"अळी."

"अळी आहे ते दिसतंय. आंधळा नाही मी."

"हिरवा जमत नाहीये."

"निळा कमी कर," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "मला रंगाचं विचारू नकोस." आणि गेले.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर बरणीखाली ही पट्टी होती. मागे पेन्सिलीनं लिहिलंय ते वाचा. 'पिवळा सात, निळा एक, पांढरा तीन, काळ्यात बुडवलेली काडी एकदा.' अळीशेजारी धरली तर पट्टी कुठे संपते आणि अळी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

माझ्या जन्मात मी बाबांना रंग मिसळताना पाहिलं असेल तर ते बारा वर्षांची होईपर्यंत. मग मी मोजलं. तुमची पुस्तिका बावीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा बाराची.

त्यांच्या ब्रशांच्या पेटीच्या तळाशी पुस्तिका सापडली. आपोआप चौदाव्या चित्रावर उघडली. तुम्ही कापलेली कड तिथे आहे. 'संग्राहक (चित्रकाराचे थोरले बंधू) यांनी सोबतच्या चिठ्ठीत अळीचा रंग हिरवा नोंदवला आहे. ती नोंद त्यांच्या दृष्टिदोषामुळे झालेली दिसते.'

एका रंगाऱ्याबद्दल हे छापलंत.

मी पुस्तिका बाबांसमोर ठेवली. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मी हिरवी ठेवली होती. झाकणाला भोकं पाडली, पानं घातली, टपालात टाकली. चार-पाच दिवसांनी धाकट्याचं पत्र आलं की डोळे तपासून घे." मग म्हणाले, "हेडमास्तरांनी पुस्तिका घेतली होती. शाळेचा हॉल तेव्हा माझ्याकडे होता. हिरवा द्यायचा होता. ते सगळ्या शिक्षकांदेखत म्हणाले, रंगारीबुवा, हिरवाच येईल ना? सगळे हसले. मी हॉल पांढरा केला आणि घरी आलो."

एवढंच. मी म्हटलं, "तुम्ही काकांना परत लिहिलं नाहीत?" ते म्हणाले, "छापलेल्याला काय लिहायचं?"

काका, बारा मेला अजून सतरा दिवस आहेत. चित्र बदलायचं की नाही ते तुमचं. ती टीप राहिली तर तुमच्या हातची शेवटची आवृत्ती आमच्या घरात येणार नाही.

मोठी अळी आज एक्याऐंशी मिलिमीटर.

चौकशी


२८ एप्रिल

काका,

तुमचं उत्तर यायच्या आत लिहितेय. मोठी अळी मरतेय.

काल सकाळी तिनं खाणं सोडलं. लेंडी पातळ झाली. दुपारपर्यंत पाठ मळकट दिसायला लागली आणि आज ती काळपट तपकिरी आहे, कुठे कुठे लालसर. निळे डोळे काळे पडले. एक क्षण स्वस्थ बसत नाही, बरणीच्या तळाशी गोल गोल फिरतेय. शेजारच्यांनी परवा त्यांच्या गुलाबांवर औषध मारलं होतं. वाऱ्यानं कण्हेरीवर आलं असणार. पानं मी धुतली नव्हती. दोष माझाच.

बाबांना हाक मारली. ते आले, चष्मा लावला, बराच वेळ वाकून बघत राहिले. मग स्टूल ओढून बसले. मी म्हटलं, काहीतरी करा. ते म्हणाले, "हिला काही झालेलं नाही. हिला चालायचंय." अंगणातून ओंजळभर सुकी पानं आणि माती आणून त्यांनी बरणीत टाकली. अळी त्यात शिरली. ते तरी बघतच होते.

मी विचारलं, "काय झालं?"

ते म्हणाले, "त्यानं खोटं काढलं नव्हतं."

याचा अर्थ मला नीट कळला नाही. तुम्हाला कळला तर लिहा. आणि अळी वाचेल का, तेही लिहा.

चौकशी


१ मे

चौकशीबाई,

तुझी दोन्ही पत्रं एकाच टपालात आली. मी आधी दुसरं फोडलं, हे बरं झालं की वाईट, कळत नाही.

अळी मरत नाही. तिचं खाणं संपलं. आता ती झाडावरून उतरून पाचोळ्यात कोश करायला जागा शोधते, आणि उतरण्यापूर्वी मातीचा रंग घेते. मला हे माहीत नव्हतं. तुझं पत्र घेऊन मी संग्रहालयाच्या ग्रंथालयात गेलो आणि दुसऱ्या देशातलं एक जाड पुस्तक काढलं. तिथे अर्ध्या ओळीत आहे. ते पुस्तक माझ्या खोलीपासून चाळीस पावलांवर आहे. बावीस वर्षं होतं.

म्हणजे दादानं हिरवी ठेवली आणि मी तपकिरी काढली. टपालाला दोन दिवस लागले, तेवढ्यात डब्यातल्या डब्यात ती बदलली. दोघांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिलं. मध्ये फक्त झाकण होतं.

पण मी एकच गोष्ट पाहिली होती आणि टिपेत दोन लिहिल्या. अळीचा रंग मी पाहिला होता. दादाचे डोळे मी तपासले नव्हते.

कड मी कापली. आक्षेप आला नाही असं मी फुशारकीनं लिहिलं. तीनशेतल्या दोनशे साठ प्रती अजून तळघरात आहेत. ज्या एका माणसाचा आक्षेप होता तो माझ्या ओळखीचा होता.

तुझी आई गेली तेव्हा मी आलो होतो. तुमच्या दाराला ताजा पांढरा रंग होता. भिंतीला, खिडक्यांना, कुंपणालाही. पूर्वी त्या घराच्या प्रत्येक दाराचा रंग वेगळा असायचा. मला आत येववलं नाही.

चौदावं चित्र नव्यानं काढतोय. वर हिरवी, खाली तपकिरी. हिरवी दादाच्या पट्टीवरून. तपकिरीचीही पट्टी मिळाली तर बरं होईल, माझ्या जुन्या चित्रातला रंग उडाला असणार. नव्या टिपेचा कच्चा मजकूर सोबत आहे. दादाला दाखव. मी त्याला थेट लिहिणार होतो. 'दादा' एवढं लिहून झालं.

काका


६ मे

काका,

अळीनं सुकी पानं एकमेकांत विणून त्यात कोश केला. फिकट मातकट आहे, कडेला काळे ठिपके. हात लावला तर कमरेतून हलतो. बाकीच्या दोघीही तपकिरी होऊन उतरल्या. बाबा आता कामावर निघण्याआधी बरणीपाशी जातात आणि 'बघू तरी' म्हणतात. कोणाला उद्देशून ते कळत नाही.

टीप दाखवली. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. तुम्ही लिहिलं होतं, 'चित्रकाराच्या अज्ञानामुळे आणि अहंकारामुळे संग्राहकावर घोर अन्याय झाला. त्याबद्दल चित्रकार अंतःकरणापासून दिलगीर आहे.' त्यांनी पहिलं वाक्य खोडलं, दुसरंही खोडलं. म्हणाले, "अळ्यांच्या पुस्तकात रडगाणं कशाला? वाचणाऱ्यानं अळी बघायची की याचं तोंड?"

"मग काय लिहायचं?"

"संग्राहकाची नोंद बरोबर होती. बास."

ती चार शब्दांची ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं समासात लिहिलीय. कागद परत पाठवतेय.

तपकिरीची पट्टी द्यायला नाही म्हणाले. मी दोनदा विचारलं. "तपकिरी त्यानं पाहिलीय," म्हणाले, "त्यालाच काढू दे. आठवत असेल तर जमेल."

हे रागानं म्हणाले की कसं, ते मी सांगू शकत नाही. तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा आधीपासून ओळखता.

चौकशी


११ मे

चौकशीबाई,

रागानं नाही. लहानपणी मी काही रंगवत असलो की तो शेजारी बसायचा आणि ब्रश हातात घ्यायचा नाही. 'तूच काढ' म्हणायचा. मी चिडायचो.

तपकिरी पाच वेळा केली. काल सहाव्यांदा जमली असं वाटतं. आज चित्र आणि टीप घेऊन स्वतः छापखान्यात गेलो. खिळे जुळवणारा जुळारी म्हणाला, टीप आखूड झाली, खाली जागा रिकामी राहील. म्हटलं राहू दे.

चित्राचा तिथेच काढून घेतलेला पहिला छाप सोबत पाठवतोय. कड कापलेली नाही. एकतीस तारखेला माझी खोली रिकामी करायची आहे. त्यानंतर मला कुठे हजर राहायचं नाही, ही गोष्ट अजून अंगवळणी पडलेली नाही.

पतंग बाहेर आला की लगेच हलवू नका. पंख पसरायला त्याला लटकायला जागा लागते. बरणीत एक उभी काडी ठेव.

काका


१६ मे

काका,

काडी बाबांनी आधीच ठेवली होती. ब्रशाचा दांडा.

आज सकाळी चहाच्या वेळी बघितलं तर दांड्यावर तो लटकलेला होता. आधी पंख बोटाच्या नखाएवढे, चुरगळलेले. अर्ध्या-पाऊण तासात ओल्या कापडासारखे उलगडत गेले. हिरवा आहे, काका. पुन्हा हिरवा. गडद, फिकट, मध्ये गुलाबी आणि पांढरट पट्टे. अळीचा हिरवा मधल्या दिवसांत कुठे होता? कोशात तर नव्हता, कोश मी रोज बघत होते. हा माझा पुढचा प्रश्न.

बाबा कामावर गेलेच नाहीत. दुपारभर बरणीसमोर बसून होते, मांडीवर तुमचा छाप. बोटानं हिरवीवरून तपकिरीवर, तपकिरीवरून हिरवीवर. मग माझ्याकडे कागद मागितला. लिहायला त्यांना बराच वेळ लागला, पण मजकूर थोडाच दिसतोय. घडी मी उघडलेली नाही, हे माझ्या स्वभावाला धरून नाही याची नोंद घ्या. कागद सोबत आहे.

आणि हे त्यांनी लिहिलं नसेल म्हणून मी लिहिते. अंगणाकडच्या दाराचा पांढरा रंग त्यांनी परवा खरवडून काढलाय. अजून वर काही दिलेलं नाही.

चौकशी


(सोबतचा कागद)

धाकट्या,

चित्र मिळालं. हिरवी बरोबर. डोळ्यांचा निळा बरोबर.

तपकिरीत तांबडा थेंबभर जास्त पडलाय. आल्यावर दाखवतो.

दादा